टाक्यांची राखण

ऑपरेशनच्या वेळी घालतात ते रबरी हातमोजे रुग्णाच्या भल्यासाठी निघाले असतील, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते एका नर्सच्या हातांसाठी बनवून घेतले होते. १८८९ च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन ही ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, मुख्य नर्स होती. त्या काळी हात आणि हत्यारं निर्जंतुक करायला पाऱ्याच्या क्षाराचं द्रावण वापरत. त्यानं तिच्या हातांची कातडी सोलवटून निघू लागली. तेव्हा विल्यम हॉलस्टेड या सर्जननं गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोज्यांचे दोन जोड करून घेतले. (१८९० मध्ये दोघांचं लग्नही झालं, पण तो वेगळा विषय.) हळूहळू ओटीतले इतर लोकही हातमोजे घालायला लागले, आणि काही वर्षांनी हिशेब मांडल्यावर लक्षात आलं की सगळेच हातमोजे घालतात तेव्हा जखमा पिकायचं प्रमाण पार खाली येतं.

ऑपरेशननंतरच्या इन्फेक्शनबद्दल बोलताना आपण सर्जनचा हात आणि अँटिबायोटिक, या दोनच गोष्टींबद्दल बोलतो. सर्जन जखमेपाशी असतो तास-दोन तास. त्याच्या आधीचे आणि नंतरचे कित्येक तास, रात्री धरून, रुग्ण नर्सच्या ताब्यात असतो. जखम कोरडी राहणार की पिकणार, याचा बराचसा निकाल त्या तासांत लागतो. तो कसा, ते जरा जवळून पाहू. (नर्स म्हटलं की आपोआप 'ती' येते. या कामात पुरुषही आहेत; इथे 'ती' लिहिलंय ते फक्त सोयीसाठी.)

जखम पिकते कशी

ऑपरेशनच्या जागी ३० दिवसांच्या आत जंतुसंसर्ग झाला, तर तो ऑपरेशनच्या खात्यात धरतात. शरीरात कृत्रिम सांधा किंवा तसं काही बसवलं असेल, तर खोलवरच्या संसर्गासाठी ही मुदत ९० दिवसांपर्यंत जाते. संसर्ग कधी कातडीपुरता असतो, कधी खाली स्नायूंपर्यंत उतरतो, कधी थेट पोटाच्या किंवा सांध्याच्या पोकळीत पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ऑपरेशन झालेल्या १०० जणांपैकी सुमारे ११ जणांना याला तोंड द्यावं लागतं. टाका पिकला की मुक्काम लांबतो, पुन्हा जखम उघडावी लागते, आणि खोलवरचा संसर्ग जिवावरही बेतू शकतो.

हे जंतू येतात कुठून? बहुतेक लोकांचा संशय आधी रुग्णालयाच्या हवेवर आणि फरशीवर जातो. खरा घरभेदी रुग्णाच्या अंगावरच असतो. आपल्या कातडीवर, केसांच्या मुळांत, घामाच्या ग्रंथींत जंतूंची कायमची वस्ती असते. साधारण दर तिघांतल्या एकाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू मुक्कामाला असतो, आणि त्या माणसाला त्याचा काडीचा त्रास नसतो. आतड्यात तर विचारायलाच नको. कातडी अखंड आहे तोवर ही मंडळी आपापल्या जागी असतात. सर्जननं सुरी फिरवली की त्यांना आजवर बंद असलेलं दार उघडं मिळतं.

कातडी पूर्णपणे निर्जंतुक करता येत नाही. हत्यार करता येतं, कापड करता येतं, जिवंत माणूस नाही. म्हणून सगळा खेळ हिशेबाचा आहे. जखमेत किती जंतू उतरले, ते किती जोरकस आहेत, आणि समोर शरीराची ताकद किती. पहिल्या दोन गोष्टी खाली आणायच्या, तिसरी वर ठेवायची. नर्सचं जवळजवळ प्रत्येक काम या तिन्हींपैकी कुठल्या तरी एका रकान्यात बसतं.

हिशेब किती नाजूक असतो ते १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस टोचले, तर पू व्हायला दहा लाखांहून जास्त जंतू लागले. तिथेच रेशमी धाग्याचा टाका असला, तर काही शेकडे पुरले. शरीरात परकी वस्तू असली की जंतूंना बसायला जागा मिळते आणि पांढऱ्या पेशींना त्यांच्यापर्यंत धड पोचता येत नाही. आणि टाका नाही असं ऑपरेशन कुठलं?

सुरी लागायच्या आधी

ऑपरेशनच्या आदल्या रात्री किंवा त्या सकाळी आंघोळ. साधा साबण असो की औषधी, पण आंघोळ हवीच. यात समजावण्यासारखं फार नाही, फक्त ज्याला स्वतःला उठता येत नाही त्याची आंघोळ नर्सलाच घालावी लागते, आणि बेंबी, काखा, जांघा, पोटाच्या वळ्या सुटणार नाहीत हे तिलाच पाहावं लागतं.

केसांचा मुद्दा मात्र थांबून सांगायला हवा. ऑपरेशनची जागा आदल्या दिवशी ब्लेडनं भादरून गुळगुळीत करायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि काही ठिकाणी सवयीनं अजूनही चालते. दिसायला स्वच्छ, पण काम उलटं. ब्लेडनं कातडीवर डोळ्यांना न दिसणारे शेकडो ओरखडे पडतात, रात्रभरात त्यांत जंतू वाढतात, आणि सकाळी सर्जन नेमका त्याच शेतात नांगर घालतो. आजचा नियम सरळ आहे: केस आड येत नसतील तर हात लावू नका, येत असतील तर क्लिपरनं, म्हणजे केस कापायच्या मशीननं, कापा, ब्लेड नको. रुग्णानं घरूनच दाढीच्या ब्लेडनं 'तयारी' करून येऊ नये, हेही नर्सनंच आधी सांगायचं असतं. कितीतरी जण मदत म्हणून तेच करून येतात.

मग अँटिबायोटिक. इथे औषध कोणतं यापेक्षा किती वाजता हा प्रश्न मोठा. जंतू जखमेत उतरतात तेव्हा औषध तिथल्या रक्तात आणि मांसात आधीच हजर पाहिजे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २,८४७ रुग्णांची नोंद तपासली होती. चिरा देण्याआधीच्या दोन तासांत ज्यांना डोस मिळाला, त्यांच्यात जखम पिकायचं प्रमाण ०.६ टक्के होतं. त्याहून बरंच आधी दिलेल्यांत ते ३.८ टक्के, आणि चिरा दिल्यावर तीन तासांपेक्षा उशिरा मिळालेल्यांत ३.३ टक्के. नंतरचा डोस म्हणजे वरातीमागून घोडं. आणि फार आधी दिला, तर घोडं वरात निघण्यापूर्वीच दमलेलं.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? वॉर्डातून आठ वाजता डोस दिला, ओटीत आधीचं ऑपरेशन लांबलं, आणि या रुग्णाला सुरी लागली साडेअकराला. आता तो डोस कशाचा? म्हणूनच बहुतेक ठिकाणी डोस वॉर्डात न देता भूल द्यायच्या वेळी देतात, आणि दिल्याची वेळ नर्स मिनिटासकट लिहून ठेवते. व्हँकोमायसिनसारखं औषध सावकाश द्यावं लागतं, ते तास-दोन तास आधीच सुरू करायला हवं. सेफाझोलिन नावाचं अँटिबायोटिक दिलं असेल आणि ऑपरेशन चार तासांपलीकडे गेलं किंवा रक्त फार वाहिलं, तर पुन्हा डोस लागतो. ऑपरेशनच्या रंगात सर्जनला घड्याळ दिसत नाही. 'सर, चार तास झाले' हे वाक्य कुणीतरी बोलावं लागतं.

ऑपरेशन संपल्यावर मात्र 'असू दे, खबरदारी म्हणून' असं म्हणत आठवडाभर अँटिबायोटिक चालू ठेवण्यानं जखमेचं काही भलं होत नाही. बहुतेक ऑपरेशनांत टाके घातल्यावर त्याची गरज संपते. उलट औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात. चार्टवर जुनी ऑर्डर तशीच पुढे ओढली जात असेल, तर 'हे अजून चालू ठेवायचं का?' असं विचारणारी नर्स ही माझ्या मते प्रतिजैविकांच्या लढाईतली सगळ्यात स्वस्त फौज आहे.

शरीराच्या ताकदीचा रकाना राहिला. रक्तातली साखर फार चढली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, म्हणून ती २०० मिलिग्रॅमच्या खाली राखायची. मधुमेह नसलेल्यांचीही ऑपरेशनच्या ताणानं चढू शकते. आणि दुसरी गोष्ट, जी लोकांना पटत नाही: ऊब. ओटी थंडगार असते, भुलीत शरीर स्वतःची उष्णता राखत नाही, रुग्ण उघडा पडलेला. अंग गार पडलं की कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी मिळतो, आणि जंतू मारायला पांढऱ्या पेशींना नेमका प्राणवायूच लागतो. १९९६ मध्ये आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० रुग्णांवर हे तपासलं. एका गटाचं अंग उबदार ठेवलं, दुसरा गट नेहमीसारखा. शेवटी दोघांत फरक साधारण दोन अंशांचा. उबदार गटात ६ टक्के जखमा पिकल्या, गार पडलेल्यांत १९ टक्के. रुग्णाच्या अंगावर नर्स वेळेवर गरम पांघरूण घालते, ते बघायला मायेचं वाटतं. असेलही. पण ते औषधही आहे.

ओटीच्या आत

ओटीत निदान दोन नर्स असतात. एक हात धुऊन, गाऊन-हातमोजे घालून सर्जनच्या समोर उभी राहते: स्क्रब नर्स. दुसरी फिरती. तिनं निर्जंतुक काहीही हातात घ्यायचं नाही, पण लागेल ते सगळं आणून द्यायचं, उघडून द्यायचं, नोंदी ठेवायच्या आणि सगळ्यांवर नजर ठेवायची.

हत्यारांचं एक पॅक उघडताना पाहा. फिरती नर्स आधी ते हातात घेऊन दाबून बघते. ओलसर लागलं तर बाद, कारण ओल्या कापडातून जंतू आत झिरपतात. मग फाटलंय का, तारीख काय. मग बाहेरच्या पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्यात का. पण काळ्या रेघांचा अर्थ एवढाच की पॅक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, जाऊन आलं. वाफ आतल्या हत्यारापर्यंत पोचली का, हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी पॅकच्या पोटात वेगळी पट्टी ठेवलेली असते. पॅक उघडल्यावर स्क्रब नर्स आधी ती शोधते, रंग बदलला असेल तरच पुढे. रंग अर्धवट असेल तर अख्खा सेट परत. सर्जन खोळंबला असला, रुग्ण टेबलावर असला, तरी परत. हे लिहायला एक ओळ लागते. तिथे उभं राहून करायला धीर लागतो.

वाफेनं सगळं मरतं हेही अर्धसत्य आहे. १३४ अंशांची वाफ काही मिनिटांत काम करते, १२१ अंशांना जास्त वेळ लागतो, पण दोन्हींची अट एकच: वाफ प्रत्यक्ष पृष्ठभागाला भिडली पाहिजे. कात्रीच्या बिजागरीत रक्त वाळून बसलं असेल, तर त्याखालचे जंतू सुखरूप राहतात. यंत्रात गाठोडी कोंबून भरली, तर मधे हवा अडकते आणि वाफ तिथवर जात नाही. त्यामुळे निर्जंतुकीकरणाची सुरुवात ऑटोक्लेव्हच्या बटणापाशी होत नाही, ती वापरलेलं हत्यार लगेच पुसून, रक्त वाळू न देता, सांधे उघडून घासण्यापाशी होते.

कातडीवर औषध लावल्यावर ते वाळू द्यायचं असतं. अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन असेल तर उघड्या कातडीवर निदान तीन मिनिटं. वाळता वाळताच ते जंतू मारतं, आणि ओलं असताना कॉटरीची (रक्त थांबवायला विजेनं डागणाऱ्या हत्याराची) ठिणगी पडली तर पेटूही शकतं. ओटीत तीन मिनिटं नुसतं उभं राहणं फार जड जातं. सगळे तयार असतात. कुणाचा तरी हात कापड पसरायला पुढे येतो, आणि नर्स म्हणते, 'थांबा, अजून ओलं आहे.'

निर्जंतुक भागाच्या सीमा तर डोळ्यांना दिसतही नाहीत. स्क्रब नर्सचा गाऊन समोरून, छातीपासून टेबलाच्या उंचीपर्यंतच निर्जंतुक मानतात. पाठ नाही. कमरेखाली नाही. टेबलावरून खाली लोंबणारं कापड नाही. हत्यार टेबलाच्या कडेखाली घसरलं तर ते गेलं. दोन स्क्रब झालेली माणसं जागा बदलताना एकमेकांना पाठ देऊन वळतात. पाहणाऱ्याला गंमत वाटते, पण कारण हेच. दार सारखं उघडायचं नाही, कारण ओटीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो, आतली हवा बाहेर जावी म्हणून. दार उघडलं की ते गणित बिघडतं. फोन घ्यायला, डोकवायला, सहज काही विचारायला येणाऱ्यांना आवरणं हेही फिरत्या नर्सच्या वाट्याला येतं, आणि त्यानं ती अप्रियही होते.

पोटाच्या ऑपरेशनांत अलीकडे एका साध्याशा गोष्टीची भर पडली. आतड्यावरचं काम संपलं, आता पोट शिवायचं. इथे थांबून सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि शिवायला नवी, वेगळी ठेवलेली हत्यारं घ्यायची. २०२२ मध्ये भारतासह सात देशांतल्या १३ हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निकाल आले: जखम पिकायचं प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर. फरक छोटा वाटेल, पण शंभरातली तीन माणसं जखम पिकण्यापासून वाचली, आणि खर्च हातमोज्यांच्या जोडांचा आणि एका जादा ट्रेचा. तो ट्रे आधीपासून झाकून बाजूला ठेवायचं भान स्क्रब नर्सला हवं.

२००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी काढली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण ओटीबाहेर जाण्याआधी, असे तीन थांबे. चिरा देण्याआधी मोठ्यानं विचारायचं: गेल्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का? आणि नर्सना थेट प्रश्न: निर्जंतुकतेची खात्री झाली का, पट्टीचा रंग पाहिला का? आठ देशांतल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशनच्या जागेचा संसर्ग ६.२ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आला, आणि मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर. बऱ्याच ठिकाणी ही यादी फिरती नर्स वाचते. आता गंमत बघा. यादीतली एकही गोष्ट नवी नव्हती. नवं एवढंच की हुद्द्यानं खाली असलेल्या माणसाला सगळ्यांना थांबवून विचारायचा अधिकार मिळाला. जिथे यादी नुसती टिका मारून भरतात, तिथे हा अधिकार कागदावरच राहतो, आणि गुणही येत नाही.

वॉर्डात आल्यावर

शिवलेल्या जखमेच्या कडा साधारण २४ ते ४८ तासांत एकमेकींना धरतात. तोवर ओटीत लावलेलं निर्जंतुक ड्रेसिंग न हलवणं बरं. नातेवाइकांना वाटतं, दोन दिवस झाले, कुणी जखम उघडूनही बघितली नाही. न बघणं हीच तेव्हा काळजी असते. अपवाद एक: ड्रेसिंग भिजून ओल वरच्या थरापर्यंत आली तर ते बदलायलाच हवं, कारण ती ओल म्हणजे जंतूंसाठी बाहेरून आत जाणारी पायवाट.

बदलायची वेळ येते तेव्हा काय होतं? नर्स आधी पाहते की शेजारी झाडलोट किंवा चादरी बदलणं चालू नाही. ट्रॉली पुसते, सामान मांडते, हात साफ करते. साध्या हातमोज्यांनी जुनं ड्रेसिंग काढते. काढून लगेच टाकून देत नाही. आधी आतली बाजू बघते: डाग कसला, रंग काय, वास येतोय का. मग हातमोजे काढते आणि पुन्हा हात साफ करते, कारण मोज्यांना सूक्ष्म भोकं असू शकतात आणि ते काढताना हात माखतोच. मग निर्जंतुक मोजे. गॉज सलाइनमध्ये भिजवून टाक्यांच्या रेषेवरून एकदाच फिरवायचा आणि टाकायचा. पुढच्या पट्ट्याला नवा. स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे, उलट कधीच नाही. वॉर्डातला क्रमही असाच: ज्यांची जखम कोरडी त्यांचं ड्रेसिंग आधी, ज्यांना पू आहे त्यांचं सगळ्यात शेवटी.

जखमेशिवायही शरीरात जंतू शिरायच्या वाटा असतात, आणि बहुतेक आपणच केलेल्या. लघवीची नळी हे ठळक उदाहरण. ती जितके दिवस राहील तितका धोका रोज वाढतो, म्हणून रोज सकाळी 'ही अजून लागते का?' हा प्रश्न विचारायचा. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. सलाइनच्या सुईपाशी लाली किंवा दुखणं आलं की सुई काढायची. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) असेल तर त्याचा फुगा दाबलेला, जोड बंद, आणि किती व कसलं पाणी आलं याची नोंद. फुप्फुसांसाठी रुग्णाला उशाकडून उंच बसवणं, पोटावर उशी धरून खोकायला लावणं, दात घासायला लावणं, लवकर चालवणं. चालवायला आलेल्या नर्सला रुग्णाच्या शिव्या खाव्या लागतात. त्या कामाचाच भाग समजायच्या.

आणि नजर. पहिल्या दोन दिवसांतला ताप बहुधा शरीराच्या आपल्या प्रतिक्रियेचा असतो. जखमेचा संसर्ग साधारण पाचव्या दिवसानंतर तोंड वर काढतो. उलट पहिल्या ४८ तासांतच जखमेच्या मानानं भलतंच दुखत असेल आणि लाली झपाट्यानं पसरत असेल, तर तो घातक प्रकार असू शकतो. तिथे सकाळच्या राउंडची वाट बघायची नसते. एरवी लक्षण छोटं असतं. काल दुखणं कमी होतं, आज पुन्हा वाढलंय. टाक्यांच्या एका टोकाशी बोटभर भाग गरम लागतोय. अशा वेळी अनुभवी नर्स पेन काढते, लालीच्या कडेनं कातडीवर रेघ ओढते, बाजूला वेळ लिहिते. चार तासांनी लाली रेघेच्या आत आहे की बाहेर गेली, हे रात्रपाळीच्या नवख्या मुलीलाही कळतं. 'थोडं लाल वाटतंय' या वाक्यानं डॉक्टर उठून येत नाहीत. 'दहा वाजता काढलेल्या रेघेच्या दोन बोटं पुढे गेलंय' यानं येतात.

पोटाच्या ऑपरेशननंतर पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास ड्रेसिंग अचानक फिकट गुलाबी पाण्यानं भिजलं, तर त्याकडे कधीच हलक्यात बघू नये. आतले टाके सुटत असल्याची ती सूचना असू शकते, आणि त्यामागे बरेचदा आत दडलेला संसर्ग असतो. वरून कातडी तेव्हा अगदी छान दिसत असते.

हात आणि वेळ

हात धुवायला हवेत हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मग चुकतं कुठे? साधा हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटना हात साफ करायचे पाच प्रसंग सांगते: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवीसारख्या द्रवांचा संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या खाटेभोवतीच्या वस्तूंना हात लावल्यावर. अल्कोहोलचं द्रावण चोळायला २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद. समजा एका पाळीत नर्सकडे आठ रुग्ण आहेत, प्रत्येकाकडे ती सहा वेळा जाते, आणि दर खेपेला फक्त दोनदा हात साफ करते. झाले ९६ वेळा. अर्ध्या मिनिटानं धरलं तरी ४८ मिनिटं. नुसतं हात चोळण्यात. रुग्ण सोळा असतील तर दीड तासाच्या वर. बाटली खाटेच्या दांडीला अडकवली असेल तर हे जमतं. बेसिन वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर देवमाणूसही टाळाटाळ करील.

म्हणून नर्सची संख्या हा प्रशासनाचा कोरडा विषय नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशन झालेल्या रुग्णांबाबत असं दिसलं की नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हा आकडा मृत्यूचा आहे, निव्वळ संसर्गाचा नाही. पण घाईत पहिल्यांदा काय सुटतं, हे वॉर्डात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. तीन मिनिटं वाळू देणं सुटतं, मधलं हात धुणं सुटतं, रेघ ओढणं सुटतं. त्यानंतर भिंतीवर 'हात धुवा'चं पोस्टर लावणं आणि जखम पिकली की नर्सला कारणे दाखवा नोटीस देणं, हा मला तरी उफराटा न्याय वाटतो.

घरी गेल्यावर

हल्ली रुग्ण लवकर घरी जातात, त्यामुळे अनेक संसर्ग घरीच उघडे पडतात. जाताना नर्स जे सांगते ते दारात उभं राहून, रिक्षा थांबलेली असताना ऐकायचं नसतं. दोन दिवस आधीपासून थोडं थोडं सांगितलेलं आणि रुग्णाकडून उलट वदवून घेतलेलं टिकतं. टाक्यांना हात लावण्याआधी हात धुवायचे. पावडर, तेल, हळद, मलम, स्वतःच्या मनानं काहीही लावायचं नाही. सिगारेट-तंबाखू नको, जखमेचा प्राणवायू तीही हिरावते. लाली पसरली, दुखणं कमी होऊन पुन्हा वाढलं, पू किंवा घाण वास आला, टाक्याची कड उघडली, थंडी वाजून ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. नंबर कागदावर, आणि रात्री कुणाला करायचा तेही.

काही रुग्णालयांत नर्स उलट फोन करते, ऑपरेशनला ३० दिवस होईपर्यंत. समोर रजिस्टर उघडं असतं. ताप आहे का, टाक्यातून काही येतं का, कुठल्या डॉक्टरांनी नवं अँटिबायोटिक दिलं का, असे ठरलेले प्रश्न. पलीकडून बरेचदा उत्तर येतं की सगळं ठीक आहे हो, तुम्ही उगाच काळजी करता. ती तरीही विचारते की बनियनला डाग पडतो का. मग शेवटच्या रकान्यात 'कोरडी' असं लिहून पुढचा नंबर लावते.